कॅन्सर, विमा आणि अमेरिकेतील राज्यांचे कायदे

आपल्याकडे विम्याचे नियम इर्डा ही विमा नियामक संस्था देशभरासाठी ठरवते. अमेरिकेत १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने हे काम राज्यांच्या हाती राहिले. त्यामुळे कॅन्सरच्या कोणत्या उपचाराचा खर्च विम्यातून मिळालाच पाहिजे, हे तिथे राज्याराज्यांत ठरत गेले, आणि तेही एकेका उपचारावरून भांडत. १९८०च्या दशकात राज्यांनी मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीचा, खर्च विम्यातून देणे सक्तीचे करायला सुरुवात केली. त्यावर फारसा वाद नव्हता.

खरा वाद पेटला स्तनाच्या कॅन्सरवरील अस्थिमज्जा प्रत्यारोपणावरून. रुग्णाच्या मज्जापेशी आधी काढून ठेवायच्या, केमोचा प्रचंड डोस द्यायचा आणि मग त्या पेशी परत सोडायच्या, असा तो उपचार. 'प्रायोगिक' म्हणून विमा कंपन्या हात वर करत. अशाच एका नकाराबद्दल १९९३मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने हेल्थ नेट या विमा कंपनीला ८.९ कोटी डॉलर भरायला सांगितले. रुग्ण महिला तोवर दगावली होती. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा अशा राज्यांनी हा खर्च कायद्यानेच बंधनकारक केला. पुढे १९९९मध्ये चाचण्यांचे निकाल आले, तर नेहमीच्या केमोपेक्षा या उपचाराचा फायदा दिसेना. त्यातला ठळक अनुकूल निकाल दक्षिण आफ्रिकेचा होता. त्यात बनवाबनवी झाल्याचे २०००मध्ये उघड झाले. पुराव्याची वाट न पाहता केलेला कायदा रुग्णांच्याच अंगाशी आला, असे म्हणावे लागते. अर्थात, कंपन्या नकार देत होत्या तो काही निव्वळ विज्ञानप्रेमापोटी नव्हे.

२००१मध्ये ग्लिवेक हे रक्ताच्या कॅन्सरवरचे गोळीचे औषध बाजारात आले आणि नवाच पेच उभा राहिला. शिरेतून दिलेली केमो वैद्यकीय खर्चात मोडे, तिथे बहुधा ठरावीक को-पे, म्हणजे रुग्णाने भरायची ठरलेली रक्कम, लागे. गोळी मात्र औषधांच्या खात्यात जाई आणि महागड्या किमतीचे काही टक्के रुग्णाच्या माथी येत. आजार तोच, बिल वेगळे! ओरेगॉनने २००७मध्ये दोन्हींना समान वागणूक देणारा पहिला कायदा केला. आज चाळीसहून अधिक राज्यांत तसे कायदे आहेत. कॅलिफोर्नियाने २०१३च्या कायद्यात रुग्णाचा वाटा महिन्याच्या औषधामागे २०० डॉलरवर रोखला.

तरीही मोठे भगदाड उरलेच. १९७४च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे, नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या तिजोरीतून कर्मचाऱ्यांचे दावे भागवत असेल तर तिला राज्याची सक्ती लागू होत नाही. मोठ्या कंपन्या बहुतेक असेच करतात. गोळ्यांच्या समानतेसाठी केंद्रीय विधेयक अनेकदा मांडले गेले, पण मंजूर झालेले नाही. तिकडे नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या कार्डावर नामांकित विमा कंपनीचे नाव असले, तरी ती कंपनी नुसते कागद हाताळत असू शकते. आपली योजना 'सेल्फ-फंडेड', म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीच्याच पैशांवर चालणारी, आहे का, हे एचआरलाच विचारावे लागते.