ई-श्रम कार्ड म्हणजे पेन्शन नव्हे

'ई-श्रम कार्ड काढलं की साठीनंतर दरमहा 3000 रुपये सुरू.' धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या मोबाइलवर हा निरोप अजून फिरतो. तो चुकीचा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेलं ई-श्रम ही असंघटित कामगारांची नोंदणी आहे. त्यातून बारा अंकी क्रमांक मिळतो, पेन्शन नाही.

3000 चा आकडा आला आहे 2019 च्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेतून. तिथे नाव वेगळं नोंदवावं लागतं, आणि पैसेही भरावे लागतात. प्रवेशाचं वय 18 ते 40, महिन्याची कमाई 15,000 पर्यंत. अठराव्या वर्षी शिरलात तर हप्ता 55 रुपये, एकोणतिसाव्या वर्षी 100, चाळिशीत 200. तेवढीच भर सरकार घालतं. हप्ते साठीपर्यंत चालू ठेवायचे.

खरी गोम वयात आहे. मुलं मोठी झाल्यावर, पंचेचाळिशीत कामाला बाहेर पडलेल्या बाईला या योजनेचं दार बंदच. नेमकी तीच कार्ड जपून ठेवते आणि साठीची वाट बघते! कार्ड जरूर काढा, नोंदणी मोफत आहे. पण चाळिशीच्या आत असाल तर सेवा केंद्रात मानधन योजनेचं वेगळं विचारा.