चौदा पूर्ण, पंधरा व्हायचे: सोलापुरात मुलीला एचपीव्ही लस द्यायची तर

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीविरुद्धची लस आता सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. फेब्रुवारी २०२६ अखेरीस केंद्र सरकारने देशभर ही मोहीम सुरू केली. कागदपत्रांचं काम सोपं आहे, ते आधी उरकू. लस द्यायची की नाही, हे ठरवणं मात्र आईबापांना जड जातं. त्यात विचारण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काही तर आपल्या बार्शीतच घडलेलं आहे.

पात्र कोण?

मुलीला १४ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि पंधरावा वाढदिवस अजून यायचा असावा. लस घेण्याच्या दिवशीचं वय मोजलं जातं, इयत्ता नाही. म्हणजे १० ऑगस्ट २०११ ला जन्मलेल्या मुलीला ९ ऑगस्ट २०२६ पर्यंत मुभा आहे. या वयाच्या बहुतेक मुली नववीत असतात, पण एखादं वर्ष मागेपुढे झालेल्या मुलीही असतात. शाळेत न जाणारी मुलगीही तितकीच पात्र आहे. तिचं नाव शाळेच्या यादीत नसतं, म्हणून तिच्यासाठी आशाताईंना आपणहून सांगावं लागतं.

उत्पन्नाचा दाखला, पिवळं-केशरी रेशनकार्ड, जातीचा दाखला यातलं काहीही लागत नाही. योजना सगळ्यांसाठी आहे. कुठेही पैसे भरायचे नाहीत, आणि ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला तर अजिबात नाहीत.

धाकटी अकरा-बारा वर्षांची असेल तर मोफत लसीसाठी तिचा नंबर चौदा पूर्ण झाल्यावर लागेल. थोरली पंधरा ओलांडून गेली असेल तर खासगी डॉक्टरांकडे जावं लागेल. तिथे वेळापत्रक वेगळं असतं: ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, त्यापुढे सहा महिन्यांत तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ डोसामागे साधारण दोन हजारांच्या घरात जाते. नऊ प्रकारच्या विषाणूंवर चालणारी ‘गार्डासिल ९’ डोसामागे दहा हजारांच्या आसपास. मोफत मोहिमेत मिळते ती चार प्रकारच्या विषाणूंवरची ‘गार्डासिल’, एकच डोस. खासगीत डोस आधीच झाले असतील तर पुन्हा घ्यायची गरज नाही. जुनं कार्ड दाखवा, म्हणजे तुमच्याकडे सारखी विचारणा होणार नाही.

कुठे जायचं?

ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय. शहरात महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आणि सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय. ही लस वैद्यकीय अधिकारी हजर असतील अशाच सरकारी ठिकाणी द्यायची आहे. म्हणून अंगणवाडीतल्या नेहमीच्या लसीकरणाच्या दिवशी ती मिळेलच असं धरून चालू नका. वार आणि वेळ आशाताईंना किंवा केंद्रातल्या सिस्टरना विचारून घ्या. विडीचा माल द्यायला जायची वेळ आणि लसीची वेळ एकच येत असेल तर तेही आधी बोलून ठेवा. एका दिवसाची मजुरी बुडाली की पुढच्या वेळी कोण येतं?

नोंदणी ‘यू-विन’ या सरकारी पोर्टलवर होते. मोबाईल नंबर टाकून घरून करता येते, नाही जमलं तर केंद्रात थेट गेल्यावर तिथेच करून देतात. ओटीपी येतो, त्यामुळे ज्याचा नंबर दिला तो फोन बरोबर असू द्या. नंबरही असा द्या जो चार वर्षांनी चालू असेल. दर सहा महिन्यांनी सिम बदलणाऱ्या मामाचा नको. लसीचं डिजिटल प्रमाणपत्र याच नंबरावर शोधावं लागणार आहे.

कागदपत्रं

मुलीची ओळख आणि वय दाखवणारा पुरावा: आधार, जन्म दाखला किंवा शाळेचं ओळखपत्र वा बोनाफाईड. आई-वडिलांपैकी एकाचं ओळखपत्र. बस्स.

तरी अडतं ते इथेच. कित्येक मुलींची जन्मतारीख आधारवर एक आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरी असते. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जूनमधली कुठलीशी तारीख टाकलेली असते. या फरकामुळे मुलगी कागदावर पंधराची दिसली तर गाडी अडते, म्हणून मूळ जन्म दाखला जवळ असलेला बरा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे मुलगी वाढली अक्कलकोटात आणि जन्म नोंदला गेलाय इंडीत, आळंदला किंवा कलबुर्गीत, अशी घरं आपल्याकडे भरपूर. अशा वेळी सोलापूर महापालिकेत हेलपाटे घालून उपयोग नाही, दाखला तिकडूनच आणावा लागतो. शहरात जन्म झाला असेल तर महापालिकेचा जन्म-मृत्यू नोंदणी विभाग, गावात झाला असेल तर ग्रामपंचायत.

हातासरशी आणखी एक गोष्ट तपासा. जन्म दाखल्यावर मुलीचं नाव आहे का, की नुसतंच ‘स्त्री’ लिहिलंय? नाव नंतर घालता येतं, पण नियमानं नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत. लसीसाठी ते अडणार नाही. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातल्या बदलामुळे त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना जन्म दाखला हाच वयाचा मुख्य पुरावा झाला आहे. एकूण कारभार त्या दिशेने चाललाय हे ओळखून चौदाव्या वर्षी हे काम करून घेतलेलं चांगलं.

संमती कोणाची?

आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची. मुख्याध्यापकांची नाही, वसतिगृहाच्या अधीक्षकांची नाही, वर्गशिक्षिकेची नाही. शाळा यादी देईल, निरोप देईल, मुलींना घेऊनही जाईल, पण ‘होय’ म्हणायचा अधिकार तिचा नाही.

हे एवढं ठासून सांगण्याला कारण आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लस एका प्रात्यक्षिक प्रकल्पात हजारो मुलींना देण्यात आली. त्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला आणि देशभर गदारोळ उठला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. कारणं बुडणं, सर्पदंश, विषबाधा, ताप अशी निघाली. पण चौकशीने दुसरं एक दुखणं उघडं केलं. खम्मममध्ये वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर कित्येक ठिकाणी वॉर्डनच्या सह्या होत्या. आई-बापांना पत्ताच नव्हता. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. आजही ‘त्या लसीने मुली मेल्या होत्या म्हणे’ असं जे कानावर येतं, त्याचं मूळ तिथे आहे. लस निर्दोष होती, सह्या घेण्याची पद्धत दोषी होती. म्हणून कागद हातात आला की वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्या भाषेत समजावून मागा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या सिस्टर मिळायला अडचण नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर हे दिवाळीआधीच उरकावं. एकदा टोळी निघाली की मुलगी आजीपाशी राहते आणि संमतीचा प्रश्न उभा राहतो. ते जमलं नाही तर, नोंद देशभर एकाच पोर्टलवर असल्याने, जिथे मुक्काम असेल तिथल्या सरकारी केंद्रातही विचारता येतं.

लस ऐच्छिक आहे. नाही म्हटलं म्हणून शाळेतून नाव कमी होत नाही, दुसरी कुठली योजना बंद होत नाही.

आता खरा प्रश्न: द्यायची का?

माझं मत विचाराल तर द्यावी. पण मताला आधार हवा.

ह्या कॅन्सरचं मूळ जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या संसर्गात असतं. त्यातही १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार बहुतांश रुग्णांत सापडतात आणि लस नेमकी त्यांना अडवते. जागतिक आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ऐंशी हजार दगावतात. संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात, त्यामुळे आज लस दिली काय नि न दिली काय, घरात लगेच काही दिसत नाही. निर्णय लांबणीवर पडतो तो यामुळेच.

‘एवढ्या लवकर कशाला, लग्नाच्या वेळी बघू’ हे सर्रास ऐकू येतं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे कळल्यावर आई संकोचते आणि वडील विषयच बंद करतात. पण लस झालेला संसर्ग घालवत नाही, होऊ घातलेला अडवते. म्हणून ती आधी द्यायची असते. पुढे लग्न ठरवून झालं काय नि कसं झालं काय, नवऱ्याकडून येणारा विषाणू मुलीची वागणूक विचारून येत नाही. शिवाय या वयात शरीराचा प्रतिसादही जास्त चांगला मिळतो.

दुसरी शंका, मूल होणार नाही. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या आवरणासारखे प्रथिनांचे कण असतात. २००६ पासून जगभर कोट्यवधी मुलींनी ही लस घेतली आणि त्यांना आता मुलंबाळंही झाली. वंध्यत्वाशी संबंध कुठेही आढळलेला नाही.

तिसरी शंका जरा शहाणी आहे. खासगीत दोन-तीन डोस आणि सरकारात एकच, म्हणजे काटकसर चाललीय का? याचं उत्तर बार्शीतून येतं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने भारतात नऊ केंद्रांवर एक चाचणी सुरू केली. दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच पाहायचं होतं. त्या नऊ केंद्रांत बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल होतं. २०१० मध्ये खम्ममचं प्रकरण झालं आणि सरकारने चाचणीतलं लसीकरण थांबवलं. तोवर साडेसतरा हजारांवर मुली सामील झाल्या होत्या, आणि त्यातल्या जवळपास पाच हजारांच्या वाट्याला एकच डोस आला होता. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसाचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास, दोन आणि तीन डोसांइतकंच. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसालाही मान्यता दिली, तेव्हा या निष्कर्षांचा मोठा आधार होता. तेव्हा एक डोस म्हणजे अर्धीमुर्धी लस नव्हे. खासगी डॉक्टर दोन सांगतात ते औषधाच्या परवान्यावरच्या वेळापत्रकानुसार, आणि त्यातही चूक काही नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. एचआयव्हीसह जगणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या मुलीला एक डोस पुरत नाही. हे डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, रांगेत सांगायची गरज नाही.

लसीच्या दिवशी

मुलीला जेवून न्या. या वयाच्या मुलींना सुईच्या धास्तीनेच भोवळ येते, त्यात उपाशीपोटी आणि सोलापूरचा मे महिना. उपवास किंवा रोजा असेल तर सरळ दुसरा दिवस घ्या. सुई दंडात देतात, म्हणून सैल बाहीचा ड्रेस घाला. मासिक पाळी चालू असेल तरी चालतं. अंगात ताप असेल तर बरं झाल्यावर जा. पूर्वी एखाद्या लसीची जोरदार ॲलर्जी आली असेल, यीस्टची ॲलर्जी असेल किंवा रक्त लवकर थांबत नसेल तर सुई देण्याआधी सांगा. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. ‘झालं ना, चला’ असं करू नका, तो अर्धा तास कामाचा आहे. दंड दुखणं, थोडी सूज, कणकण, डोकेदुखी हे दोन दिवसांत जातं. श्वासाला त्रास, अंगावर गांधी, चेहऱ्यावर सूज असं काही झालं तर लगेच केंद्रात परत जा किंवा १०८ ला फोन करा. साध्या शंकांसाठी १०४ आहे.

निघण्यापूर्वी यू-विनवरच्या नोंदीत नाव आणि जन्मतारीख बरोबर चढली आहे का ते स्क्रीनवर पाहून घ्या. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर जिवावर येतं.

आणि बरोबर गेलेल्या आईसाठी: लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी चुकत नाही, तर आईला कशी चुकेल? शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्याच रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास केला होता. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सरकारी केंद्रात तिशीपुढच्या बायकांची साधी तपासणी मोफत होते. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिड लावून डोळ्यांनी पाहतात, काही मिनिटांचं काम. मुलीचा अर्धा तास सरेपर्यंत सिस्टरना विचारून घ्या, ती कुठल्या वारी असते.