तोफांचे रस्ते, सायकलींची वाट: आल्प्समधील ग्रॅव्हल सायकलिंगची पार्श्वभूमी

इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते या प्रांताच्या नावाचा अर्थच ‘डोंगराचा पायथा’ असा आहे. तुरीन शहराच्या पश्चिमेला मैदान संपते आणि सूसा व किझोने ही दोन खोरी आल्प्समध्ये शिरतात. या दोन खोऱ्यांना विभागणाऱ्या डोंगरधारेवरून खडीचा एक रस्ता कित्येक किलोमीटर धावतो. दर उन्हाळ्यात रुंद टायरच्या सायकली घेऊन देशोदेशीचे लोक तेथे येतात. या रस्त्यावर गाव नाही, शेत नाही, कारखाना नाही. तरीही अडीच हजार मीटर उंचीवर वळणे नेटकी आखलेली दिसतात, उताराच्या बाजूला दगडी रचाईच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि ओढ्यांवर मोऱ्या बांधलेल्या आहेत. एवढा खर्च येथे कोणी आणि कशासाठी केला, या प्रश्नाच्या उत्तरातच आल्प्समधील ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यांवरच्या, सायकलिंगचा खरा इतिहास आहे.

हा रस्ता आस्सिएत्ताचा. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धात, 19 जुलै 1747 रोजी, याच धारेवर पिएमोंतेच्या सैन्याने दगडी आडोशांमागून फ्रेंच हल्ला परतवला; काही तासांत फ्रेंचांची हजारो माणसे पडली आणि त्यांचा सेनापती बेल-इलही मारला गेला. तेव्हा येथे वाट होती ती खेचरांची. शेजारची फिनेस्त्रे खिंड ओलांडणारी वाटही अठराव्या शतकातली, आणि तिच्या दक्षिण उतारावर 1728 पासून बांधला जाऊ लागलेला फेनेस्त्रेल्लेचा प्रचंड किल्ला आहे, ज्याच्या आतून सुमारे 4,000 पायऱ्यांचा झाकलेला जिना डोंगर चढत जातो.

रस्त्यांची खरी लाट आली ती इटलीच्या एकीकरणानंतर. 1882 मध्ये इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी त्रिराष्ट्र करार केला आणि फ्रान्सची सीमा शत्रूची सीमा ठरली. पुढच्या तीन दशकांत पश्चिम आल्प्सच्या धारांवर किल्ले, बराकी आणि तोफांचे बुरूज उभे राहिले. शाबेर्तों या सुमारे 3,130 मीटर उंचीच्या शिखरावर तर आठ बुरूज बांधून त्यांवर तोफा चढवण्यात आल्या. तोफ वर न्यायची म्हणजे पायवाट पुरत नाही. गाडा वळेल एवढे रुंद वळण हवे आणि खेचरांना झेपेल असा सलग, बेताचा चढ हवा. लष्करी अभियंत्यांनी म्हणूनच डोंगराला सरळ भिडण्याऐवजी त्याला वळसे घालत वर जाणारे रस्ते आखले. खाली दगडी सोलिंग, वर दाबलेली खडी, आतल्या अंगाला पाणी वाहून नेणारा चर, अशी त्यांची बांधणी होती. आज सायकलस्वाराला आवडणारा तो एकसंध चढ मुळात खेचराच्या दमाचा हिशेब करून ठरलेला आहे, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

पूर्वेकडे, वेनेतो प्रांतातल्या डोंगरांच्या पायथ्याशी, हेच काम पहिल्या महायुद्धाने केले. मोंते ग्राप्पावर चढणारा रस्ता सेनाप्रमुख काडोर्ना यांच्या आदेशाने बांधला गेला आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पासुबिओ डोंगरावर 1917 मध्ये सैनिकांनी 52 बोगद्यांची वाट कोरली. त्या वाटेवर सायकलला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण काठाखाली कडा सरळ तुटलेला आहे. सायकलस्वार शेजारच्या स्कारुब्बीच्या जुन्या लष्करी रस्त्याने वर जातात.

सायकल तोवर या प्रदेशात मुरलेली होती. 1894 मध्ये मिलानमध्ये 57 सायकलप्रेमींनी स्थापन केलेला टूरिंग क्लब पुढे इटलीतील पर्यटनाची मोठी संस्था बनला. 1911 मध्ये टूर द फ्रान्स शर्यत प्रथमच गालिबिए खिंडीवर चढली, तेव्हा तो रस्ताही माती-दगडांचाच होता. त्या काळी ‘खडीवरचे सायकलिंग’ असा वेगळा प्रकार नव्हताच, कारण डोंगरात दुसरा रस्ताच नव्हता. या काळाची एक कथा वेनेतोत अजून सांगतात. 1927 च्या नोव्हेंबरात फेल्त्रेजवळच्या क्रोचे दाउने घाटात तुल्लिओ काम्पान्योलो हा तरुण शर्यतपटू चढावाचे दातेरी चक्र घेण्यासाठी थांबला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असे आणि ते बदलायचे तर चाक काढून उलटे बसवावे लागे. बर्फात बोटे गोठली होती, चाकाचे पंखाचे नट काही केल्या सैल होईनात. त्या अडचणीतून, असे म्हणतात, एका खटक्यात चाक सोडवणाऱ्या दांडीची कल्पना निघाली. कथेत भर किती पडली हे बाजूला ठेवले, तरी त्याने 1933 मध्ये विचेन्झा येथे काढलेल्या कारखान्याने सायकलीचे सुटे भाग घडवण्याची दिशा बदलली.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी घडल्या. 1947 च्या पॅरिस तहाने सीमा सरकली, शाबेर्तों फ्रान्सकडे गेले आणि धारांवरच्या किल्ल्यांचे काम संपले. त्याच सुमारास रहदारीच्या खिंडींचे एकामागून एक डांबरीकरण सुरू झाले. धारेवरच्या रस्त्यांवर मात्र डांबर पडले नाही, कारण वर्षातले बरेच महिने बर्फाखाली असणाऱ्या आणि कोणत्याही गावाला न जाणाऱ्या रस्त्यावर कोण पैसा घालणार? दुर्लक्षामुळेच ते टिकले. पुढे जीप आणि मोटारसायकलींनी त्यांचा शोध लावला आणि सायकली त्यांच्यानंतर आल्या.

सायकलस्वार परतले ते वेगवेगळ्या वाटांनी. 1997 मध्ये तोस्कानातील गायोले येथे जुन्या सायकलींवरून पांढऱ्या मातीचे रस्ते फिरण्याचा ‘लेरोइका’ हा उपक्रम सुरू झाला. त्यामागे ते रस्ते डांबराखाली जाऊ नयेत अशी तळमळ होती. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे 2006 मध्ये 200 मैलांची खडीवरची शर्यत सुरू झाली आणि ‘ग्रॅव्हल’ हा शब्द रूढ झाला. त्यातून निघालेल्या सायकलीला शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे हँडल, साधारण 40 मिलिमीटर रुंदीचे टायर, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर असतात. 2020 मध्ये काम्पान्योलो कंपनीने खास ग्रॅव्हलसाठी 13 दातेरी चक्रांचा संच काढला आणि त्याला एकार हे नाव दिले. एकार हा आसियागो पठारावरचा, महायुद्धाच्या रणभूमीतला डोंगर आहे.

फिनेस्त्रे खिंडीला प्रसिद्धी मिळाली ती 2005 मध्ये, जिरो द’इतालिया शर्यत तेथून प्रथम गेली तेव्हा. सूसा खोऱ्यातून 18.5 किलोमीटरची चढाई, सरासरी 9 टक्क्यांहून जास्त चढ, आणि शेवटचे सुमारे 8 किलोमीटर खडी. जंगलातली दाट वळणे चढता चढता एका ठिकाणी डांबर संपते आणि टायरचा आवाज बदलतो. पेडलवर उभे राहिले की मागचे चाक सैल खड्यांवर घसरते, म्हणून येथे चढायचे ते बसूनच. 2018 मध्ये ख्रिस फ्रूमने याच खडीवर, शेवटापासून सुमारे 80 किलोमीटर आधी, एकट्याने आघाडी घेऊन ती जिरो जिंकली; त्या दिवशी आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी गमावली सायमन येट्सने. 2025 मध्ये त्याच येट्सने त्याच चढावर ती जर्सी पुन्हा मिळवली आणि शर्यत जिंकली. ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही 2022 मध्ये वेनेतोतच, विचेन्झाहून सुरू होऊन चित्तादेल्ला येथे झाली.

या रस्त्यांच्या वापराचे नियम आता बदलले आहेत. आस्सिएत्ताचा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी मोटारवाहनांना बंद असतो. दक्षिणेला लिमोने ते मोनेसी हा सुमारे 39 किलोमीटरचा, फ्रान्सच्या सीमेत शिरून परत येणारा लष्करी रस्ता दुरुस्त करून पथकरासह खुला करण्यात आला आहे, आणि तेथे मंगळवार व गुरुवार पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखलेले आहेत. त्याला मिठाचा रस्ता म्हणतात, कारण या डोंगरांतून पूर्वी लिगुरियाच्या किनाऱ्यावरचे मीठ खेचरांच्या पाठीवरून पिएमोंतेत येत असे. जकात चुकवण्यासाठी मिठावर खारवलेल्या मासळीचा थर पसरत, असेही तिकडे सांगतात, आणि समुद्रापासून दूर असलेल्या पिएमोंतेच्या स्वयंपाकघरात अँचोव्ही मासळी, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचा गरम ‘बान्या काउदा’ आजही शिजतो.