ललिता पवार : एका थपडेने कारकीर्द संपली नव्हती

भगवानदादांची थप्पड जोरात बसली, डोळा अधू झाला, नायिकेचे दिवस संपले आणि ललिता पवार आयुष्यभर खाष्ट सासूपुरत्या उरल्या, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. १९४२ च्या सुमारास चित्रीकरणात ती थप्पड बसली, चेहऱ्याला इजा झाली आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला, इथवर कथा खरी आहे. पुढचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. १९४४ च्या ‘रामशास्त्री’मध्ये त्यांनी साकारलेली, ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई ही काही पोटापुरती पत्करलेली भूमिका नव्हे. ‘श्री ४२०’मधील केळी विकणारी गंगामाई किंवा ‘अनाडी’मधील, तोंडाने करवादणारी पण भाडेकरूवर पोटच्या पोराइतकी माया करणारी मिसेस डिसा पाहिली, तर ‘फक्त खलनायिका’ हा शिक्का किती उथळ आहे ते कळते. याच डिसाबाईंसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. शिवाय मूकपटांच्या काळापासून काम करणाऱ्या या अभिनेत्रीची मंथरा १९८७ मध्ये दूरदर्शनवर घरोघरी पोहोचली. (तिचा तो बारीक केलेला डोळा आजही अनेकांना आठवतो.)