लोकप्रिय संगीत आणि श्रोत्यांवरचा प्रभाव (सिद्धांत)

रेकॉर्ड, रेडिओ, सिनेमा, कॅसेट आणि आता मोबाईल यांच्यामुळे एकच गाणं एकाच वेळी लाखो कानांत पडायला लागलं, तेव्हा ते गाणं माणसांना बदलतं की माणसं त्यातलं आपल्याला हवं तेवढंच घेतात, या प्रश्नाभोवती विसाव्या शतकात उभे राहिलेले सिद्धांत. एका टोकाला श्रोता म्हणजे मिळेल ते मुकाट घेणारा गिऱ्हाईक, दुसऱ्या टोकाला श्रोताच अर्थाचा मालक, आणि बरेचसे अभ्यासक मधे कुठेतरी. गोव्यात मराठी नाटक, तियात्र (गाण्यांचं कोंकणी नाटक), भजन, रेडिओ हे सगळं शेजारी शेजारी ऐकलं जातं, त्यामुळे इथली उदाहरणं या सिद्धांतांना जरा अडचणीत आणतात.

सगळ्यात जुना म्हणून सांगतात तो ‘इंजेक्शन’ किंवा ‘जादुई गोळी’ सिद्धांत, म्हणजे संदेश सुटला की थेट डोक्यात शिरतो आणि सगळ्यांवर सारखाच परिणाम करतो. तो नेमका कोणाचा यावर बराच वाद आहे. पाठ्यपुस्तकं बहुतेक वेळा तो अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरोल्ड लासवेलच्या नावावर टाकतात, पहिल्या महायुद्धातल्या प्रचारावरच्या त्याच्या १९२७ च्या पुस्तकामुळे, पण तिथे लासवेल प्रचाराला समाज घडवणारा हातोडा आणि ऐरण म्हणत असला तरी प्रचार कुठल्या परिस्थितीत चालतो याचीही चर्चा करतो, त्यामुळे ‘गोळी’ त्याच्या माथी मारणं जरा घाईचं वाटतं. दुसरा पुरावा देतात तो ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेत झालेल्या, मंगळवासी पृथ्वीवर चालून आल्याच्या रेडिओ नाटकाचा, जे काहींना खरी बातमी वाटलं. त्यावर हॅडली कँट्रिलचा अभ्यास १९४० मध्ये आला आणि त्याच्याच अंदाजाने ऐकणारे किमान ६० लाख तर घाबरलेले त्यातले १० लाखांच्या आसपास. म्हणजे बाकीचे घाबरले नाहीत हे त्याच पुस्तकात आहे, पण सांगताना ते गळतं. पुढे १९८० च्या दशकात काही अभ्यासकांनी असं मांडलं की हा सिद्धांत याच रूपात कोणी गंभीरपणे मांडलाच नव्हता, ‘माध्यमांचा परिणाम मर्यादित असतो’ म्हणणाऱ्या नंतरच्या मंडळींनी खोडून काढायला सोपा म्हणून तो उभा केला. हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

संगीतापुरतं बोलायचं तर मुख्य नाव जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो. नाझींमुळे जर्मनी सोडून तो १९३८ मध्ये अमेरिकेत आला आणि समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्डच्या रेडिओ संशोधन प्रकल्पात लागला, पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा. लाझर्सफेल्डला कोण काय ऐकतं याचे आकडे हवे होते आणि अडोर्नोचं म्हणणं असं की आवड मोजून काय करणार, ती आवड तयार कोणी केली ते बघा. दोघांचं जमलं नाही, संगीताच्या भागाचा पैसा १९४० मध्ये थांबला. लोकप्रिय संगीतावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध जॉर्ज सिम्पसनच्या मदतीने १९४१ मध्ये आला. मुद्दा असा : हिट गाण्याचा सांगाडा ठरलेला असतो, कोरस ३२ मात्रागटांचा, सुरांची व्याप्ती एक सप्तक आणि वर एक सूर, आणि त्या सांगाड्यावर थोडीशी वेगळी नक्षी काढली की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी नवीन निवडलं असं वाटतं. मग रेडिओवर तेच ते वाजवत राहायचं, ओळखीचं झालं की ते आवडतं. मॅक्स होर्कहायमरसोबत त्याने ‘संस्कृती उद्योग’ ही कल्पना मांडली, म्हणजे गाणी-सिनेमेही कारखान्यातल्या मालासारखे बनवून विकले जातात, त्या पुस्तकाची मर्यादित आवृत्ती १९४४ ची आणि छापील १९४७ ची, म्हणून संदर्भांत दोन्ही वर्षं सापडतात. जॅझला हिणवणारी त्याची मतं आज फारसं कोणी उचलून धरत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ठरलेला साचा म्हणजे बाजाराचा माल, हे समीकरण आपल्याकडे बसत नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड चालणारं भजन घ्या, चाली ठरलेल्या, ठेका ठरलेला, धृपद पुन्हा पुन्हा, आणि विकायचं काहीच नाही. साचा दोन्हीकडे आहे, त्यामागचं कारण वेगळं आहे. अडोर्नोच्या निबंधाचा हा कच्चा भाग आहे असं म्हणायला हरकत नाही.

लाझर्सफेल्डने ओहायोतल्या ईरी काउंटीत १९४० च्या निवडणुकीचा अभ्यास केला (पुस्तक १९४४), त्यात दिसलं की रेडिओ-पेपरमधलं आधी गावातल्या चार जाणत्या लोकांपर्यंत पोचतं आणि त्यांच्याकडून इतरांकडे. एलिहू कॅट्झसोबतच्या १९५५ च्या पुस्तकात हाच ‘दोन टप्प्यांचा प्रवाह’ फॅशन, खरेदी, सिनेमा यांनाही लावून बघितला. डेव्हिड रीझमनने १९५० मध्ये तरुण श्रोत्यांत मिळेल ते ऐकणारे बहुसंख्य आणि चोखंदळ अल्पसंख्य असे दोन गट दाखवले. स्टुअर्ट हॉलचा १९७३ चा निबंध मुळात टीव्हीबद्दल आहे पण संगीतालाही लावतात : पाठवणारा एक अर्थ भरतो, घेणारा तो तसाच घेतो, थोडा वाटाघाट करून घेतो किंवा उलटाच लावतो.

भारतात या चर्चेचं ठळक उदाहरण आकाशवाणीचं. बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झाले, फिल्मी गाण्यांवर आकाशवाणीने कात्री लावली, आणि लोकांनी अभिरुची सुधारण्याऐवजी रेडिओचा काटा फिल्मी गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे फिरवला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती आली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट, स्वतःचं सरकारी रेडिओ स्टेशन ‘एमिसोरा द गोवा’, आणि त्याच्या विरोधात १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवलेलं भूमिगत रेडिओ केंद्र, कोंकणी आणि पोर्तुगीजमधून.

गोव्यात प्रभावाचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो तो १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाबद्दल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. उल्हास बुयांव आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव म्हटलेल्या कोंकणी गाण्यांनी वारं फिरवलं असं बरेच लोक मानतात, दुसऱ्या बाजूला विलीनीकरणवादी ‘गोमन्तक’ आणि विलीनीकरणविरोधी ‘राष्ट्रमत’ या दोन मराठी दैनिकांतली लढाईही तितकीच तापलेली होती (आणि वेगळं राहण्याची, म्हणजे कोंकणीची बाजूही मराठीतून लढवली गेली हे विसरू नये). पण त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच ३० पैकी १६ जागा घेऊन परत आला, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. गाण्याने माणूस बदलला असता तर दोन-अडीच महिन्यांत असं झालं नसतं. तेव्हा गाण्यांनी आधीच मनात असलेल्याला आवाज दिला आणि काठावरच्यांना थोडं ढकललं एवढंच म्हणणं सुरक्षित. हॉलची चौकट इथे लाझर्सफेल्डपेक्षा बरी बसते.

उलटा प्रभाव, म्हणजे श्रोत्यांचा गाण्यावर, या सिद्धांतांत कमी येतो. संगीत नाटकातला वन्स मोअर सगळ्यांना माहीतच आहे. तियात्रात कांतारं म्हणजे गाणी कथानकापासून सुटी असतात, त्यातल्या राजकीय टोमण्यांना टाळ्या पडल्या की कांतारिस्त म्हणजे गाणारा आणखी कडवी घेऊन परत येतो, म्हणजे प्रेक्षकच प्रयोगाची लांबी ठरवतो. पुढे कॅसेट आली तेव्हा उत्पादन स्वस्त झालं आणि मोठ्या कंपन्यांची पकड सुटली, हे पीटर मॅन्युअलने १९९३ मध्ये उत्तर भारताबद्दल दाखवलं.

अलीकडच्यांत सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा २००६ चा ऑनलाइन प्रयोग महत्त्वाचा. १४,३४१ लोक, ४८ अनोळखी गाणी. काहींना इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना नाही, आणि दिसणाऱ्यांचे आठ वेगवेगळे गट. आकडा दिसला की हिट जास्त मोठं हिट झालं आणि कुठलं गाणं वर जाईल ते गटागणिक बदललं, फक्त अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट वर आली नाहीत.