टोर्नेडो आला तर पुलाखाली थांबू नका

‘गाडीत असताना टोर्नेडो (ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, गरगर फिरणारा वाऱ्याचा सोंडेसारखा झोत) दिसला, तर महामार्गावरच्या पुलाखाली शिरा,’ हा सल्ला अमेरिकेत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो जीवघेणा आहे.

याचं मूळ एप्रिल 1991 च्या एका चित्रफितीत आहे. कॅन्ससमध्ये टीव्हीचं पथक आणि काही प्रवासी पुलाच्या तुळयांखाली चढून बसले आणि वाचले. लोकांनी एवढंच लक्षात ठेवलं. पण तो टोर्नेडो दुबळा होता, थेट त्यांच्या अंगावरून गेलाच नव्हता, आणि त्या पुलाखाली धरून बसायला जी जागा होती ती बहुतेक पुलांना नसते.

3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात लोकांनी तेच केलं. तीन पुलांखाली प्रत्येकी एक जीव गेला, कित्येकांना भयंकर जखमा झाल्या. कारण साधं आहे. अरुंद बोळातून वारा कसा सुसाटतो ते आठवा, पुलाखाली तेच होतं. भरावाच्या उतारावर जितकं वर चढाल तितका वारा जोरदार, आणि त्यासोबत पत्रे, लाकडं, काचा येतात. शिवाय पुलाखाली उभ्या गाड्यांनी मागच्यांचा रस्ता अडतो, हे तर फारच वाईट.

मग करायचं काय? इशारा मिळताच जवळची पक्की इमारत गाठा. तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या आतल्या खोलीत जा. काउंटीचे (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे) इशाऱ्याचे भोंगे मुख्यतः घराबाहेरच्यांसाठी असतात, झोपेत त्यांच्यावर विसंबू नका. फोनवरचे इशारे चालू ठेवा. तुमची मुलं तिकडे असतील, तर त्यांना आजच कळवा.