ग्राफबुक बदलून मागण्याआधी एवढं वाचा

सबमिशनचे दिवस आले की आमच्या काउंटरवर विकलेली ग्राफबुकं परत येऊ लागतात. तक्रार ठरलेली: "चौकोन चुकीचे छापलेत, साईनचा आलेख जमतच नाही." पट्टी लावून पाहा, एका सेंटिमीटरात दहा बारीक घरं बरोबर बसतात. चूक बहुतेक वेळा कॅल्क्युलेटरमध्ये असते.

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वर बारीक अक्षरात 'डी', 'आर' किंवा 'जी' दिसतं. 'डी' म्हणजे अंश, 'आर' म्हणजे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक), 'जी' म्हणजे ग्रेडियन, त्यात काटकोनाचे 90 ऐवजी 100 भाग धरतात. बारावीला डेरिव्हेटिव्हसाठी कुणीतरी 'आर' लावतं आणि तसंच राहून जातं. मग साईन 30 चं उत्तर 0.5 ऐवजी उणे 0.99 येतं, 60 ला उणे 0.30, 90 ला एकदम अधिक 0.89. असे बिंदू जोडून लाट कशी होणार? 'जी' तर जास्त फसवं. साईन 30 ला 0.45 येतं, वळण गुळगुळीत दिसतं, फक्त माथा 90 ऐवजी 100 वर जातो. म्हणून कागदाला पेन्सिल लावण्याआधी साईन 30 काढून बघा. 0.5 आलं तरच पुढे जा.

इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्यांचं मात्र उलटं. घरच्या 230 व्होल्टच्या विजेचा आलेख 325 साईन (100 पाय टी) असा काढायचा असतो (325 म्हणजे लाटेचा माथा, टी म्हणजे सेकंदातला वेळ), तिथे 'आर'च लागतो. 'डी'वर ठेवलंत तर 5 मिलिसेकंदाला 325 ऐवजी जेमतेम 9 व्होल्ट येतात आणि कागदावर जवळजवळ आडवी रेघ उमटते. 1 सेमी = 2 मिलिसेकंद घ्या, अख्खं आवर्तन 10 सेमीत बसतं.

अंशांच्या आलेखाला क्ष-अक्षावर 1 सेमी = 30° आणि य-अक्षावर 5 सेमी = 1 हे प्रमाण आम्ही सुचवतो. एक घर म्हणजे 3°, 360° ला 12 सेमी, उभ्या पानात आरामात मावतं. 75° आणि 105° चे बिंदूही घ्या (दोन्ही 48 घरं वर), नाहीतर माथा टोकदार होतो. हेच 1 सेमी म्हणजे पाय छेद 6 रेडियन, तेव्हा रेडियनसाठी वेगळं ग्राफबुक लागत नाही. विकायला आमची ना नाही, पण गरज नाही.

साईन (2क्ष − 60°) ला आलेख 60° नव्हे, 30° ने उजवीकडे सरकतो. कंस शून्य कुठे होतो ते बघायचं. टॅनमध्ये 90° च्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू जोडू नका, तिथे फक्त तुटक उभी रेघ.

पेन्सिल लागलेलं ग्राफबुक आम्ही बदलून देत नाही, यावर काही जण रागावतात. पण खोडलेलं पान पुढच्या गिऱ्हाइकाला कसं विकायचं? छपाईत खरंच दोष निघाला तर अख्खं ग्राफबुक बदलून मिळेल, पावती आणा. पानाची झेरॉक्स काढून वापरू नका, मशीन 'पानात बसवा'वर असेल तर घरं आक्रसतात आणि तीही तक्रार आमच्याकडेच येते.

फिकट हिरव्या रेघांचं ग्राफबुक मागून घ्या, त्यावर एचबी पेन्सिल ठळक उठते. वळणासाठी वाकवता येणारी पट्टीही ठेवली आहे. घेण्याआधी काउंटरवर वापरून बघायला हरकत नाही.